फिरत्या पाण्यातली कोळंबी

कोळंबीचं तळं दिसायला साधं असतं. खाडीलगत मातीचे बांध, पाणी घ्यायला पंप, सोडायला उघाडी, मधे फिरणारी पॅडल व्हील आणि काठाने खेकड्यांसाठी उभी केलेली जाळी. खेकड्यांना एवढं घाबरायचं कारण म्हणजे व्हाइट स्पॉट. हा विषाणू खेकड्यांबरोबर येतो, पक्ष्यांनी टाकलेल्या मेलेल्या कोळंबीतून येतो आणि शेजारच्या तळ्याने खाडीत सोडलेल्या पाण्यातूनही येतो. 1994-95च्या सुमारास तो भारतात पोचला आणि पूर्व किनाऱ्यावरची टायगर कोळंबीची तळी भराभर रिकामी झाली. त्यावर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही.

त्याच काळात तमिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. विनोबांच्या भूदान चळवळीत घडलेला हा माणूस. त्यांचं म्हणणं असं की, तळ्यांमुळे भातशेती खारावते आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याची नासाडी होते. 11 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने निकाल दिला: किनारपट्टी नियमन क्षेत्रातली, पारंपरिक पद्धतीची सोडून बाकी तळी पाडा, आणि ज्याने प्रदूषण केलं त्याने भरपाई द्या. पुढे 2005च्या कायद्याने या धंद्याला परवान्याची चौकट मिळाली, 2009 साली व्हॅनामेई जातीला परवानगी मिळाली आणि तळी पुन्हा भरली. जगन्नाथन यांनी मांडलेला प्रश्न मात्र मिटला नाही, असं मला वाटतं. तळं पाणी खाडीतून घेतं आणि घाण खाडीलाच परत करतं. रोग आणि खारेपणा, दोन्ही दुखणी तिथूनच सुरू होतात.

रिसर्क्युलेटिंग पद्धत, म्हणजे धंद्यातल्या बोलीत आरएएस, नेमका इथेच हात घालते. बंद शेडमधल्या टाकीतलं पाणी आधी ड्रम फिल्टरमध्ये जातं. तिथे बारीक जाळीचं पिंप फिरत राहून विष्ठा, उरलेलं खाद्य आणि टाकलेली कात अडवतं. फोम फ्रॅक्शनेटर विरघळलेली घाण फेसाबरोबर वर काढतो. अतिनील दिवा किंवा ओझोन जंतूंचा बंदोबस्त करतो. शेवटी ऑक्सिजन मिसळून तेच पाणी टाकीत परततं. चांगल्या चालणाऱ्या प्रकल्पात रोज नवं पाणी लागतं ते एकूण पाण्याच्या 10 टक्क्यांहूनही कमी.

पण या सगळ्या यंत्रांचा जीव आहे तो बायोफिल्टरमध्ये. कोळंबी कल्ल्यांवाटे अमोनिया सोडते, आणि तो कुठल्याही जाळीत अडकत नाही. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट कोळंबीला बऱ्यापैकी सोसतं. या जिवाणूंच्या वस्तीसाठी आत कप्पे असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या चकत्या टाकतात. नव्या चकत्या पांढऱ्याशुभ्र असतात आणि एका कडेला तरंगत राहतात. महिना-दीड महिन्यात त्यांच्यावर बुळबुळीत तपकिरी थर चढतो आणि मग त्या पाण्यात वरखाली घुसळू लागतात. एक चकती उचलून हुंगावी. ओल्या मातीचा वास आला तर सगळं ठीक. सडक्या अंड्याचा आला तर कुठेतरी हवा पोचत नाही.

घाई नडते ती याच महिना-दीड महिन्यात. शेड उभी, व्याज सुरू, बीजाची नोंदणी झालेली. अमोनिया उतरलेला दिसला की हात शिवशिवतात. पण नायट्राइट खाणारे जिवाणू मागाहून वाढतात. तोवर टेस्ट किटच्या नळीतलं पाणी गर्द गुलाबी-जांभळं होत राहतं आणि नुकतीच कात टाकलेली, अंगाने मऊ झालेली कोळंबी आधी बळी पडते. उरलेल्या कोळंब्या तिला खाऊन टाकतात.

जिवाणू फुकट राबत नाहीत. 35 टक्के प्रथिनं असलेलं 100 किलो खाद्य घातलं, तर सुमारे 3 किलो अमोनिया तयार होतो. तो निस्तरायला जिवाणूंना जवळजवळ 14 किलो ऑक्सिजन लागतो आणि पाण्याची क्षारता एवढी घटते की ती भरून काढायला हिशेबाने 36 किलो खाण्याचा सोडा घालावा लागतो. म्हणून अशा शेडमध्ये खाद्याच्या पोत्यांशेजारी सोड्याची पोती रचलेली असतात. वीज तर क्षणभरही चुकवून चालत नाही. दाट टाकीत ब्लोअर बंद पडला की थोड्याच वेळात कोळंबीचा जीव जायला लागतो. म्हणून जनरेटर एक नाही, दोन हवेत. शिवाय ड्रम फिल्टरमधून निघणारा गाळ थोडा असला तरी खारा असतो. खत म्हणून तो शेतात टाकता येत नाही. तो कुठे जाणार, हे ज्या आराखड्यात लिहिलेलं नाही त्या प्रकल्पाला मी पर्यावरणस्नेही म्हणणार नाही.

एवढा खर्च झेपतो कुठे? जपानमध्ये निइगाता प्रांतातल्या म्योको या भरपूर बर्फ पडणाऱ्या गावात 2007 साली असा प्रकल्प उभा राहिला. स्वित्झर्लंडमध्ये र्‍हाइनफेल्डेनजवळ मिठाच्या कारखान्यातली वाया जाणारी उष्णता वापरून टाक्या ऊबदार ठेवायची सोय केली गेली. दोन्हीकडे समुद्र दूर किंवा गारठलेला, आणि ताज्या, न गोठवलेल्या कोळंबीला चढा भाव देणारं गिऱ्हाईक जवळ.

आपल्याकडे उलटं आहे. ऊन आहे, खारं पाणी आहे, आणि निर्यातीच्या भावात आपला माल इक्वाडोरच्या मालाशी झगडतो. त्यामुळे कोळंबी 25 ग्रॅमची होईपर्यंत आरएएसमध्येच वाढवायचा बेत मला अजून तरी पटत नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आरएएसला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवलं होतं, पण अनुदानाने शेड उभी राहते, महिन्याचं वीजबिल भरलं जात नाही.

कोकणात आरएएस शोभेल ती नर्सरी म्हणून. हॅचरीतून आलेलं पोस्ट लार्व्हा बीज डोळ्याच्या पापणीच्या केसाएवढं असतं. ते तीन-चार आठवडे टाकीत दाट ठेवता येतं. खाद्य थोडं, म्हणून अमोनियाही थोडा, वीजही बेताची. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं आणि तळी रिकामी असतात, तेव्हा हे बीज छपराखाली वाढतं. पीसीआर तपासणीत विषाणू सापडला तर टाकी तिथेच निर्जंतुक करायची, खाडीत थेंबही सोडायचा नाही. निरोगी निघालं तर नवरात्राच्या सुमारास, खारेपणा परतला की, ग्रॅमभराची पिल्लं तळ्यात सोडायची. तळ्यातले तीन-चार आठवडे त्याने वाचतात, आणि व्हाइट स्पॉटच्या तडाख्यात सापडायचे दिवसही तेवढेच कमी होतात.