एका कानाचे इम्प्लांट बंद पडले तर? बदलण्याआधी हे तपासा

सातपूर : एक कान चांगला आणि दुसऱ्यात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर इम्प्लांट बिघडल्याचे लवकर ध्यानात येत नाही. चांगल्या कानावर बोलणे-चालणे निभावते. पण आवाज कुठल्या बाजूने आला, हे कळेनासे होते. एमआयडीसीतल्या गोंगाटात किंवा त्र्यंबक रोडवर ही चूक जिवावर बेतू शकते.

चांगला कान बोटाने बंद केला तरी त्यातून थोडे ऐकू येतेच. म्हणून सोय असेल तर मोबाईलचा आवाज ब्लूटूथने थेट मशीनवर घ्या आणि शब्द नीट कळतात का ते अधूनमधून पाहा.

शब्द कळत नसतील तरी लगेच ऑपरेशन नको. बिघाड बाहेरच्या बॅटरीत, वायरीत किंवा कॉइलमध्येही असू शकतो. ऑडिओलॉजिस्ट दुसरा प्रोसेसर लावून बघतात, मग कॉम्प्युटरवर आतला भाग तपासतात. तोच निकामी असेल, तर भूल देऊन बहुधा एकाच ऑपरेशनमध्ये जुना काढून नवा बसवतात. काही आठवड्यांनी मशीन सुरू करून आवाज नव्याने जुळवावा लागतो, ऐकण्याचा सरावही करावा लागतो. बहुतेकांना पूर्वीइतके ऐकू येते, पण हमी नसते.

आतल्या भागाला साधारण 10 वर्षांची वॉरंटी मिळते. ऑपरेशनचा खर्च त्यात येतो का, हे लेखी विचारून घ्या. इम्प्लांटचे कार्ड जपून ठेवा. विमाधारक कामगारांनी ईएसआय रुग्णालयात आधीच चौकशी करावी.