ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल कारमध्ये टाकू नका

सोयाबीन काढणीआधी ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की कॅनमध्ये लिटर-दोन लिटर उरतं. मग वाया कशाला घालवायचं म्हणून ते घरच्या कारमध्ये जातं. इथंच घोळ होतो.

ट्रॅक्टरचं ऑइल बहुतेक १५डब्ल्यू-४० मिनरल असतं. जुन्या डिझेल जीपला, पिकअपला कंपनीनं तेच सांगितलं असेल तर खुशाल वापरा, महागडं सिंथेटिक घ्यायची गरज नाही. पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल कारला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी हायवेवर गाडी लांब पळवली की जळून जाते. साध्या ऑइलची राख मात्र जळत नाही, ती साचतच जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं सिंथेटिक सांगितलेलं असतं. डीपीएफ बदलायची वेळ आली तर वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

‘वाशिमच्या उन्हात ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल टिकेल का?’ असं बरेच जण विचारतात. टिकतं. बाहेर ४२ अंश असो की २०, चालत्या इंजिनातलं ऑइल १०० अंशांच्या आसपास तापतं, आणि ग्रेडमधला दुसरा आकडा त्याच तापमानाचा असतो.

गाडीच्या पुस्तकातल्या ऑइलच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, गॅरेजवाल्याला तोच दाखवा. गाडी फार फिरत नसली तरी वर्षातून एकदा ऑइल बदला.

डीपीएफच्या गाडीत चुकीचं ऑइल आधीच पडलं असेल, तर ऑइल फिल्टरसकट लवकर बदलून घ्या.