पोटदुखीचा जमाखर्च

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका वसला आहे. ताम्हिणी घाटाच्या परिसरात पावसाची धार दिवसेंदिवस खंडत नाही. याच पावसावर येथील आंबेमोहोर भात पिकतो, आणि याच पावसात ओहोळांबरोबर उघड्यावरची घाण विहिरींत व झऱ्यांत उतरते. मग कोणाला हगवण लागते, कोणाला आमांश होतो, तर कोणाला कावीळ. ‘पोट बिघडले’ एवढे म्हणून लोक या दुखण्यांची बोळवण करतात. त्यांचा खर्च मात्र कोणी वहीत मांडून ठेवीत नाही.

मांडावयाचा म्हटला, तर औषधाची किंमत ही त्यातील लहानशीच रक्कम ठरते. डोंगराकडील वाडीतून पौडला किंवा पुण्यास जावयाचे, तर भाडे पडते. रोगी एकटा जाऊ शकत नाही. त्याच्यासोबत घरचे माणूस जाते. समजा, मजुरास दिवसाला ४०० रुपये मिळतात. रोग्याचे ३ दिवस आणि सोबत्याचा १ दिवस, असे १,६०० रुपये बुडाले. औषध व भाडे मिळून ४०० धरले, तर एकूण २,००० रुपये झाले. वाडीतील अशी २० घरे आजारी पडली, म्हणजे ४०,००० रुपये गेले! आकडे कल्पित आहेत. ते बदलून कोणीही आपल्या गावाचा हिशेब करून पाहावा.

शेतकऱ्याचा हिशेब याहून अवघड. भाताचे रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की ते उपटून चिखलात लावावे लागते. उशीर झाला, तर रोप जून होते, त्याला फुटवे कमी येतात. लावणी सावडीने चालते. आज सर्वांनी एकाच्या खाचरात राबावे, उद्या दुसऱ्याच्या. नेमक्या याच दिवसांत घरचा कर्ता अंथरुणास खिळला, तर सावड फेडावयाची राहते आणि पैसे उसने घेऊन मजूर लावावा लागतो. आषाढातील हगवणीचे नुकसान असे सुगीत खळ्यावर दिसते. तोपर्यंत तिची आठवणही कोणास उरलेली नसते.

जंतांची चोरी तर त्याहून गुप्त. अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतो. माणसास धाप लागते, हात मंदावतो, मूल वर्गात पेंगते. पण या तोट्याची पावती कोठेच फाटत नाही.

उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतके स्वस्त आहेत. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून रोग्यांस पाजण्यास आरंभ केला. शंभरांत सुमारे ३० रोगी दगावत होते. ते प्रमाण चाराच्या आत आले. आज तशीच जलसंजीवनीची पुडी आरोग्य केंद्रात मिळते. पुडी नसेल, तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. शौचातून रक्त पडू लागले किंवा मूल मलूल झाले, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

विहिरीत विरंजक चूर्ण योग्य प्रमाणात टाकून अर्धा-एक तास थांबले, तर रोगाचे पुष्कळसे जंतू पाण्यातच मरतात. पाण्याला वास येतो म्हणून काहीजण कुरकुरतात आणि पुन्हा झऱ्याकडे वळतात. तो हलकासा वास म्हणजे औषध पाण्यात अजून शिल्लक असल्याची खूण होय.