नवा डेस्कटॉप जोडताना: आधी मोजा, मग पैसे मोजा

थँक्सगिव्हिंगचे सेल जवळ आले की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच: "घरी एक डेस्कटॉप जोडायचाय. दिवसा ऑफिसचं काम, रात्री गेमिंग. कुठला प्रोसेसर घेऊ?" सोबत तीन-चार नावं, त्यांचे गिगाहर्ट्झ, कोअरची संख्या आणि किंमत. बहुतेकांची अपेक्षा असते की मी त्यातल्या एका नावावर बोट ठेवावं. मी मात्र उलट विचारते: तुमचा सध्याचा संगणक नेमका कशाची वाट बघत थांबतो?

माझं संशोधन संगणकावर प्रथिनांच्या रेणूंची सिम्युलेशन चालवण्याचं आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोजच पडतो. हजार-दोन हजार डॉलर, पौंड किंवा दिरहमांच्या हिशोबात तितकेच पैसे, खर्च करून घरी आणलेलं यंत्र तुमच्या कामाला जुन्याइतकंच रडतखडत चालू शकतं. भाग वाईट असतात म्हणून असं होत नाही. पैसे भलत्या भागावर गेलेले असतात. ते टाळायला थोडं विज्ञान पुरतं. तेच आज बघू.

मिसळणाचा डबा आणि बोटीने येणारं सामान

आजचा प्रोसेसर सेकंदाला चार-पाच अब्ज ठोके घेतो. अडचण असते ती त्याला लागणारी माहिती वेळेवर हाताशी पोचवण्याची. या वेळा नॅनोसेकंदात म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात मोजतात, आणि त्या आपल्या डोक्यात बसत नाहीत. म्हणून एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असं धरू आणि स्वयंपाकघरात जाऊ.

प्रोसेसरच्या आतली सर्वांत जवळची स्मृती, म्हणजे पहिल्या पातळीची कॅश, म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. हात पुढे केला की सेकंदाभरात मोहरी हातात. तिसऱ्या पातळीची मोठी कॅश म्हणजे मागची मांडणी: दहा सेकंद. रॅम म्हणजे खालच्या मजल्यावरचं कोठार: जाऊन यायला साधारण दीड मिनिट. एसएसडी म्हणजे दूरच्या गावातलं इंडियन ग्रोसरीचं दुकान. याच मापाने तिथून जिन्नस यायला जवळजवळ एक दिवस लागतो. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क म्हणजे मुंबईहून बोटीने मागवलेलं सामान, जे येतं साडेतीन-चार महिन्यांनी.

आता सांगा, फोडणी करताना मोहरी बोटीने येणार असेल, तर शेगडी कितीही मोठी घेतली तरी काय उपयोग?

याचं एक छान उदाहरण बाजारातच आहे. एएमडीने २०२२ साली रायझन ७ ५८००एक्स३डी नावाचा प्रोसेसर आणला. आधीच्या ५८००एक्ससारखेच आठ कोअर, पण कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आलेला. जाहिरातीतल्या आकड्यांवरून बघितलं तर माल उतरलेला. फरक एवढाच की तिसऱ्या पातळीची कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी होती. ती वाढवण्यासाठी चिपवर स्मृतीचा आणखी एक थर रचला होता. आणि कितीतरी खेळांमध्ये हा 'मंद' प्रोसेसर आपल्या भावंडाच्या पुढे गेला. गेममध्ये हजारो वस्तूंची माहिती क्षणोक्षणी इकडून तिकडून उचलावी लागते, आणि ती मांडणीवर मिळाली की कोठाराच्या खेपा वाचतात.

सोळा कोअर म्हणजे दुप्पट काम?

कोअर वाढले की काम त्या प्रमाणात लवकर होईल, असं वाटणं साहजिक आहे. जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली दाखवून दिलं की तसं होत नाही. समजा एका कामाला एका कोअरवर १०० मिनिटं लागतात. त्यातली ८० मिनिटं वाटून घेता येण्यासारखी आहेत, २० मिनिटांचं काम मात्र एकापाठोपाठ एकच करावं लागतं. आठ कोअर लावले तर २० अधिक १०, म्हणजे ३० मिनिटं. सोळा लावले तर २० अधिक ५, म्हणजे २५. कोअर दुप्पट झाले आणि वाचली फक्त पाच मिनिटं. हजार कोअर लावले तरी २० मिनिटांच्या खाली जाता येणार नाही.

व्हिडिओचं एन्कोडिंग, थ्रीडी रेंडरिंग, मोठ्या सॉफ्टवेअरचं कम्पायलिंग ही कामं छान वाटून घेता येतात. तिथे बारा-सोळा कोअरचे पैसे वसूल होतात. एक्सेल, ब्राउझर, झूम आणि बहुतेक खेळ यांना सहा ते आठ दमदार कोअर पुरेसे असतात.

पैसे मोजण्याआधीचा प्रयोग

म्हणून पहिलं पाऊल दुकानाच्या संकेतस्थळावर टाकू नका. सध्याचा संगणक, मग तो पाच वर्षांचा लॅपटॉप का असेना, सुरू करा. नेहमीचं काम नेहमीसारखं चालू ठेवा आणि विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्सचं पान उघडा. जेव्हा जेव्हा संगणक अडखळतो, तेव्हा कुठला आलेख छताला टेकलाय ते बघा.

रॅम सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर दुखणं तिथेच आहे. रॅम भरली की संगणक जादाची माहिती एसएसडीवर नेऊन ठेवतो. म्हणजे कोठारात दीड मिनिटात होणाऱ्या खेपेला दिवस लागायला लागतो. प्रोसेसर एकूण १२-१३ टक्केच दिसतोय म्हणून तो निवांत आहे असंही समजू नका. आठ कोअरपैकी एक पूर्ण दमलेला आणि सात हातावर हात ठेवून बसलेले असले, तरी सरासरी तेवढीच येते. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख बघता येतो.

खेळांसाठी तर याहून सोपा प्रयोग आहे. खेळाचं रेझोल्यूशन मुद्दाम कमी करा, बाकी काही बदलू नका. सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम भरपूर वाढल्या, तर अडवणूक ग्राफिक्स कार्डाची होती. आकडा जवळपास तेवढाच राहिला, तर ग्राफिक्स कार्ड मोकळं आहे आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाही. दहा मिनिटांच्या या प्रयोगातून तुमच्या यंत्राबद्दल, तुमच्या खेळाबद्दल जे कळतं ते दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर केलेल्या दहा परीक्षणांतून कळत नाही.

खरेदीची सुरुवात पडद्यापासून

ग्राफिक्स कार्ड ठरवायचं तर आधी मॉनिटर ठरवा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, २५६० गुणिले १४४० वर सुमारे ३७ लाख, आणि ज्याला फोर-के म्हणतात त्यावर ८३ लाख. म्हणजे फोर-के घेतलात की कार्डावरचा बोजा साधारण चौपट. वेळेचं गणितही याला जोडा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक चित्र काढायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. दिवसभर कोड किंवा एक्सेल आणि रात्री दोन तास खेळ, अशा घरासाठी २७ इंची, १४४० ओळींचा पडदा हा मला सुवर्णमध्य वाटतो. अक्षरं स्वच्छ दिसतात आणि मधल्या किमतीच्या कार्डालाही तो झेपतो.

कार्ड निवडताना त्याच्या स्वतःच्या स्मृतीकडे जरूर बघा. एनव्हिडियाच्या २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी होती; २०२३ सालच्या आरटीएक्स ४०६० मध्ये ८ जीबी. नवं कार्ड खेळांत साधारणपणे वेगवान आहे, वीजही कमी खातं. पण जिथे ८ जीबी पुरत नाही तिथे त्या वेगाचा उपयोग संपतो. ३०६० आपल्या स्वतःच्या स्मृतीतून सेकंदाला ३६० जीबी माहिती उचलतं. तीच माहिती मदरबोर्डवरून मागवायची झाली तर वाट सेकंदाला जास्तीत जास्त ३२ जीबीची. दहा-अकरापट अरुंद बोळ.

घरच्या घरी भाषेची एआय मॉडेल चालवणाऱ्यांना हा हिशोब आणखी लागू पडतो. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल, प्रत्येक पॅरामीटरला दोन बाइट, म्हणजे १४ जीबी. अर्धा बाइट केला तर साडेतीन जीबी. तुमचं मॉडेल आणि त्याचं काम किती जागा घेतं हे कागदावर मांडा, मग कार्ड बघा.

रॅम जोडीने घ्या, एसएसडीच्या आकड्यांना भुलू नका

दोन्ही कामांसाठी ३२ जीबी रॅम हा सध्या समंजस आकडा आहे. ती १६-१६ च्या जोडीने घ्या. डीडीआर५-६००० ची एक पट्टी सेकंदाला ४८ जीबी माहिती पुरवते, दोन वेगवेगळ्या चॅनेलवर दोन लावल्या तर ९६. चार पट्ट्या लावल्या तर बऱ्याच मदरबोर्डवर वेग उलट कमी ठेवावा लागतो. शिवाय पेटीवर लिहिलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो सुरू करावं लागतं. हे न करता वर्षानुवर्षं वापरले जाणारे संगणक भरपूर आहेत.

एसएसडीच्या जाहिरातीत सेकंदाला १४ हजार एमबीचे आकडे दिसतील. हा वेग एक भलीमोठी फाइल सलग वाचतानाचा. विंडोज सुरू होताना किंवा खेळ उघडताना छोटे छोटे तुकडे वेचून आणावे लागतात, आणि तिथे ७ हजारवाला आणि १४ हजारवाला यांत हाताला जाणवेल असा फरक क्वचितच पडतो. रोज शंभर-शंभर जीबीचे व्हिडिओ हलवत नसाल, तर तेच पैसे दुप्पट जागेवर घाला.

विजेचं गणित

चिप किती वीज खाते हे ढोबळमानाने वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात ठरतं. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून शेवटच्या चार-पाच टक्के वेगाची किंमत विजेत भरमसाठ पडते. रायझन ७ ७७०० आणि ७७००एक्स हे दोन्ही आठ कोअरचे भाऊ. कमाल वेग ५.३ आणि ५.४ गिगाहर्ट्झ, नेमून दिलेली उष्णता ६५ आणि १०५ वॉट. वापरताना दोघांतला फरक शोधावा लागतो, पंख्याचा आवाज मात्र लगेच ऐकू येतो.

ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. खेळताना ४०० वॉट घेणारा संगणक म्हणजे खोलीत ४०० वॉटचा हीटर. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो, म्हणजे छोट्याशा स्टडीत चार पाहुणे कायम बसलेले. मिनेसोटाच्या जानेवारीत बरं वाटेल. दुबईच्या जुलैत एसीला तेवढं जास्त राबावं लागेल.

आणि आता तो भाग, ज्यावर सगळे पैसे वाचवतात: पॉवर सप्लाय. बाकीच्या प्रत्येक भागाला वीज याच्यातूनच जाते, म्हणून हा बिघडला तर एकटा जात नाही. २०० वॉटचं आरटीएक्स ४०७०, प्रोसेसरचे १००-१५०, बाकीचे ५०-६०, अशी ४०० च्या आसपासची बेरीज होत असेल तर ६५० वॉटचा, नावाजलेल्या बनावटीचा घ्या. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंद नेमून दिल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, त्याला ही मोकळीक लागते. जुन्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबल मात्र नव्याला कधीही लावू नका. खोबणीत त्या बसतात, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाची रचना प्रत्येक बनावटीत वेगळी असू शकते. चुकीच्या तारेतून १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि त्यातले फोटो क्षणात संपतात.

आपल्यातले बरेचजण चार-सहा वर्षांनी भारतात परतायच्या विचारात असतात. त्यांनी पॉवर सप्लायवरचं लेबल आजच वाचावं. तिथे १००–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ लिहिलं असेल तर अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर चालणारं यंत्र पुण्यातल्या २३० वरही चालेल. मागची सुटी वायर बदलली की झालं. लेबलवर फक्त ११५ असेल, किंवा मागे व्होल्टेजचं लाल बटण असेल आणि ते ११५ वरच राहिलं, तर पुण्यात पहिल्यांदा स्विच दाबताच धूर निघू शकतो. मॉनिटरचं लेबलही याच वेळी बघून घ्या.

आता यादी करा

एका कागदावर तीन रकाने काढा. पहिल्यात तुमची कामं आणि आठवड्याचे तास: मीटिंग, कोडिंग, व्हिडिओ, खेळ. दुसऱ्यात प्रत्येक काम चालू असताना कुठला आलेख छताला टेकला ते. तिसऱ्यात तो भाग बदलायला किती खर्च येईल तो आकडा. बऱ्याचदा असं दिसतं की नवा संगणक नकोच आहे. रॅमची एक जोडी किंवा एक एसएसडी पुरते. नवाच घ्यायचा ठरला, तर पडदा, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय या क्रमाने ठरवा. मदरबोर्ड आणि कॅबिनेट त्यानंतर या सगळ्यांना सामावून घेतील असे बघा. मदरबोर्डचं सॉकेट पुढे किती काळ चालणार याची चौकशीही करा. २०१७ साली पहिले रायझन ज्या एएम४ सॉकेटवर आले, त्याच सॉकेटवर पाच वर्षांनी तो ५८००एक्स३डी बसला, आणि कितीतरी जुन्या यंत्रांचं काम एका बायोस अपडेटवर आणि एका चिपवर भागलं.

सेल संपायला अजून वेळ असतो. टास्क मॅनेजर उघडायला एक मिनिट लागतं.