कॅमशाफ्टचा बुश घरी बसविताना



सुरू उसाला एप्रिल-मेमध्ये आठ-दहा दिवसांच्या आत पाणी लागते. नागपूरच्या उन्हात पाळी चुकली की फुटवे मरतात आणि ते टनेज पुन्हा भरून निघत नाही. विहिरीवर वा नाल्यावर डिझेल इंजिन असलेल्या सभासदांसाठी म्हणून हा विषय घेतला आहे. मागे मौदा भागातील एका सभासदाने नवा बुश लोखंडी सळईने ठोकून बसविला. तेलाचे भोक जुळले नाही. इंजिन दोन तास चालले आणि कॅमशाफ्ट जाम झाला. बारा दिवस पाणी बंद राहिले. हातोडीच्या दहा मिनिटांपायी हे सारे झाले.

कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी होते, म्हणजे १५०० फेऱ्यांचे इंजिन असेल तर कॅमशाफ्ट मिनिटाला ७५० फेऱ्या फिरतो. तो बुशात तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. बुश झिजला की टॅपेटचा आवाज वाढतो, दाबाने तेल फिरणाऱ्या इंजिनात तेलाचा दाब उतरतो, गिअर खडखडतात.

घरी कोणते काम करावे? एक-दोन सिलिंडरचे इंजिन असेल आणि बुश आरपार दिसत असेल तरच. ट्रॅक्टरच्या इंजिनात बुश एका ओळीत ठेवण्यास मशीन लागते. बुशाचे घर झिजून बुश सैल फिरत असेल किंवा भोक एका बाजूने बंद असेल, तर तेही काम वर्कशॉपचे. सैल बुशाला पत्रा गुंडाळू नये, पंचाचे ठिपकेही मारू नयेत. आठ दिवसांत पुन्हा तेच होते.

आता कृती. तेल काढावे, टायमिंग गिअरवरील खुणा नीट पाहून ठेवाव्यात, मग कॅमशाफ्ट काढावा. जुना बुश काढण्यापूर्वी तो घरात किती आत आहे ते मोजावे आणि तेलाच्या भोकासमोर ब्लॉकवर रेघ मारावी. ही रेघ म्हणजे अर्धे काम.

हत्यार म्हणजे आटे पाडलेली लांब सळई, दोन नट, जाड वायसर, एक पाइपचा तुकडा आणि लेथवाल्याकडून करून घेतलेली पायरीची गुल्ली. गुल्लीची लहान पायरी बुशाच्या आत सैल बसावी, मोठी पायरी बुशाच्या कडेवर टेकावी, पण घरातून सहज जावी. पाना फिरविला की सळई बुशाला सरळ ओढते. जुना बुश पाइपात ओढून काढावा, नवा तसाच ओढून बसवावा. हातोडी नको.

घर आणि तेलाची वाट रॉकेल व तारेने साफ करावी. नवा बुश प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. तो केसभर आकसतो. पुसून, भोक रेघेशी जुळवून, लगेच ओढावा. तिरपा जाऊ लागला तर थांबावे, काढावे, पुन्हा सुरुवात करावी. बसल्यावर तार घालून तेलाची वाट खुली आहे का ते पाहावे.

बसलेला बुश दाबामुळे आतून लहान होतो. म्हणून शाफ्ट आत गेला नाही तर शाफ्ट घासू नये. रीमर मारावा, किंवा शाफ्टला निळा रंग पातळ लावून फिरवावा व जेथे रंग लागेल तेथे बुश हलका खरडावा. फट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावी. पुस्तक नसेल तर ढोबळ नियम असा, की इंचभर जाड शाफ्टला सुमारे एक थाऊ. शाफ्ट बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

कीस पूर्ण धुऊन काढावा, बुशाला तेल लावावे, गिअरच्या खुणा जुळवाव्यात. आधी फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. कोठेही अडले तर इंजिन चालू करू नये. मग अर्धा तास विनाभार चालवावे. तेल लवकर बदलावे.

हे सर्व पावसाळ्यात, इंजिन मोकळे असताना करावे. मे महिन्यात ऊस तहानलेला असताना इंजिन उघडले की घाई होते, आणि घाईत हातोडी हाती येते.

— ऊस विकास अधिकारी