टॅपेटचा आवाज थांबला तेव्हा

सिंदी मेघेच्या आमच्या घरासमोर सेकंडहँड गाडी उभी राहिली, तेव्हा अम्मीला तपासणीसाठी सेवाग्रामला नेण्याची सोय झाली म्हणून सगळे खूश होते. पेट्रोल परवडेना, म्हणून गॅसकिट बसवले. वर्षभरात इंजिनाची टकटक कमी झाली. आम्हाला वाटले, इंजिन सुधारले! मग सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करू लागली, आणि एके दिवशी अम्मी आत असतानाच भर उन्हात बंद पडली. मिस्त्रींनी हेड खोलले, तर व्हॉल्व्ह जळालेले. मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले.

मी भाषा शिकवते, इंजिन नाही. पण आपल्या कितीतरी घरांत कुणी गॅरेजमध्ये आहे, कुणी गाडी चालवते. म्हणून गॅरेजच्या स्टुलावर बसून जे समजले ते सांगते.

व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरचे दरवाजे. कॅमशाफ्ट ते उघडते, स्प्रिंग बंद करते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. धूर सोडणारा व्हॉल्व्ह भयंकर तापतो आणि सीटला टेकतो तेवढ्या क्षणांतच आपली बरीचशी उष्णता तिला देऊन टाकतो. तापल्यावर तो लांबतो, म्हणून अनेक इंजिनांत थंड असताना कागदाच्या जाडीएवढी फट ठेवतात. थोडी टकटक त्या फटीचीच असते. गॅसवर सीट लवकर झिजू शकते, व्हॉल्व्ह आत सरकतो, फट मिटते. आवाज गेला की समजा, व्हॉल्व्ह नीट टेकत नसेल.

ही गोष्ट जुनीच आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत; १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी तो उपाय शोधला. शिशाचा पातळ थर सीटला सांभाळायचा, पण तेच शिसे धुरातून मुलांच्या मेंदूपर्यंत पोचायचे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले; जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने शिसे सोडले. जुन्या इंजिनांना कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागल्या. मुलांपुढे हा खर्च काहीच नव्हे.

दुसरा शत्रू जुने ऑइल. कॅमशाफ्ट बहुधा इंजिनाच्या माथ्यावर असते, तिथे ऑइल उशिरा पोचते. सुरू करताच रेस देणे म्हणजे कोरडे घासणे. आमच्यासारखी घर-शाळा-बाजार एवढीच धावणारी गाडी पुरती तापतही नाही, त्यामुळे ऑइलात पाणी आणि पेट्रोल साचते. किलोमीटर भरले नाहीत तरी महिने मोजून ऑइल बदला. गॅसच्या गाडीची फट प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्या, आणि गाडी सुरू पेट्रोलवर करा.

आमच्या गाडीची टकटक परत आली आहे. परवा शेजारच्या भाईजाननी सुचवले, टॅपेट जरा कसून घ्या. मी म्हटले, नको, राहू द्या.