लॉगिन कोणाकडे, झेरॉक्स कुठे?

सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातील शेंदूरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्या. गावाची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. विलंबाने झालेल्या नोंदी तपासताना हा आकडा समोर आला, पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि विशेष तपास पथक नेमले गेले. या नोंदी होतात त्या केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीत, ग्रामपंचायतीला मिळालेल्या लॉगिनमधून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे एका गावाचे लॉगिन किती मोलाचे झाले आहे, हे वेगळे सांगायला नको.

इथे खोटी माहिती आत शिरली. पण ज्या लॉगिनमधून ती आत शिरते, त्याच लॉगिनमधून खरी माहिती बाहेरही जाऊ शकते. म्हणून पतसंस्था, रुग्णालय, शाळा किंवा जिनिंग चालवणाऱ्या प्रत्येकाने शेंदूरसनीची बातमी आपल्या कार्यालयाकडे पाहत वाचावी. वैयक्तिक माहिती सांभाळण्याचा विषय निघाला की लोकांना मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्या आठवतात. माझ्या मते सर्वांत जास्त धोका लहान संस्थांमध्ये आहे, कारण तिथे माहिती तेवढीच नाजूक असते आणि तिच्यावर लक्ष ठेवणे हे कोणाचेच ठरलेले काम नसते.

कायदा आता स्पष्ट आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तयारीला तेवढाच अवधी आहे.

एक साधी पतसंस्था डोळ्यांपुढे आणू. खाते उघडायला आलेला शेतकरी आधारची झेरॉक्स, पॅन, फोटो, सातबारा आणि मोबाईल नंबर देतो. पहिले काम म्हणजे या कागदांचा प्रवास लिहून काढणे. झेरॉक्स फाइलला लागते. तिचा स्कॅन संगणकात जातो. शाखेतून मुख्य कार्यालयाला तोच फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो, म्हणजे तो दोघांच्या खासगी फोनमध्ये राहतो. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर एक प्रत, बॅकअपच्या पेनड्राइव्हवर एक, लेखापरीक्षकाला पाठवलेल्या ईमेलमध्ये एक. बिघडलेली झेरॉक्स टोपलीत जाते ती वेगळीच. एका आधार कार्डाच्या सहा-सात प्रती अशा सहज निघतात. माहितीचा हा नकाशा करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. काउंटरवरचा कारकून, शिपाई आणि व्यवस्थापक एका दुपारी एकत्र बसले तरी तो तयार होतो. नकाशा नसेल तर पुढची कोणतीच जबाबदारी पार पाडता येत नाही, कारण सभासदाने उद्या विचारले की माझी माहिती तुमच्याकडे कुठे आहे, तर उत्तर द्यायचे कशावरून?

कायदा डिजिटल माहितीला आणि कागदावरून पुढे डिजिटल झालेल्या माहितीला लागू आहे. नुसती वही त्यात येत नाही. पण फाइलमधल्या कागदाचा स्कॅन एकदा संगणकात गेला की तो कायद्याच्या कक्षेत येतो, म्हणून कागदालाही तीच शिस्त लावलेली बरी.

नकाशा झाला की प्रत्येक कागदासमोर एक प्रश्न लिहावा: हा कशासाठी घेतला? मुदत ठेवीसाठी सातबारा लागत नाही. वर्षानुवर्षे घेत आलो म्हणून घेतो, हे कारण कायद्यापुढे टिकणार नाही. संमती घ्यायची तर तिच्याआधी सूचना द्यावी लागते: कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची. ही सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याचा पर्याय नागरिकाला आहे, म्हणजे मराठीतही. अर्जाच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या दोन पानांनी हे काम होत नाही. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे कायदा सांगतो. कर्जासाठी दिलेला नंबर विमा विकणाऱ्याला देणे म्हणजे वेगळे काम, त्याला वेगळी संमती हवी.

आता लॉगिनकडे येऊ. इथेच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अनेक कार्यालयांत साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला पाठ असतो. साहेब दौऱ्यावर असले की ओटीपी फोनवर विचारून काम उरकले जाते. काम अडू नये ही त्यामागची भावना खरी आहे. पण नियम सांगतात की माहिती कोणी, केव्हा पाहिली याची नोंद ठेवा आणि ती किमान वर्षभर जपा. एकाच नावाने चौघे काम करत असतील तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही आणि उद्या चौकशी आली तर प्रामाणिक माणूसही स्वतःचा बचाव करू शकत नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन हवे, ज्याचे जेवढे काम तेवढेच त्याला दिसावे आणि कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी त्याचे लॉगिन बंद व्हावे. महिन्याकाठी कोणीतरी नोंदींची संख्या पाहावी. दीड हजारांच्या गावात हजारो जन्म नोंदले जात आहेत, हे कळायला गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही. कोणीतरी आकडा पाहायला हवा.

सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा दुरून संगणकाचा ताबा घेतो, तेव्हा तोही या साखळीत येतो. त्याच्याशी लेखी करार हवा आणि त्यात सुरक्षेच्या अटी हव्यात. त्याच्या हातून चूक झाली तरी कायद्यापुढे जबाबदारी संस्थेचीच राहते.

ही साखळी कार्यालयाबाहेरही जाते. २०२५च्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर आधारसह नोंदणी करावी लागली. ज्याला फोनवर ते जमत नाही, तो ते दुसऱ्याकडून करून घेतो. ती नोंदणी करून देणाऱ्याच्या फोनमध्ये किती शेतकऱ्यांचे आधार साठतात, याचा विचार बाजार समितीने आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी करायला हवा. काम झाल्यावर फोटो पुसणे हा नियम भिंतीवर लिहून लावता येतो. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार चालते.

पुसण्याची घाईही करून चालत नाही. खाते बंद झाल्यावर बँकेला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार ओळखीची कागदपत्रे पाच वर्षे जपावी लागतात. म्हणून नकाशात आणखी एक रकाना हवा: किती दिवस ठेवायचे आणि कोणत्या कायद्याने. ती मुदत संपली की मात्र सगळ्या प्रती जायला हव्यात, पेनड्राइव्हवरचीसुद्धा.

शाळांसाठी नियम अधिक कडक आहेत. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण कायद्याने बालक आहे. त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. शिक्षणाच्या कामासाठी शाळांना काही सवलत आहे, पण गुणवंतांचे फोटो, जन्मतारीख आणि पालकांचे नंबर एकत्र करून गटात टाकणे हे शिक्षणाचे काम नव्हे.

आणि माहिती फुटलीच तर? दोन मुदती एकाच वेळी सुरू होतात. केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत तिथे कळवावे लागते. नव्या नियमांनुसार डेटा कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब प्राथमिक माहिती आणि ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. ज्यांची माहिती फुटली त्यांनाही विनाविलंब सांगायचे: काय फुटले, केव्हा, त्याचे काय परिणाम होऊ शकतात, त्यांनी काय काळजी घ्यावी आणि विचारायचे तर कोणाला. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटींपर्यंत. रक्कम ठरवताना मंडळ चुकीचे गांभीर्य पाहते आणि नुकसान कमी करायला काय केले तेही पाहते. त्यामुळे सभासदांना पाठवायच्या पत्राचा मराठी मसुदा, सर्ट-इनचा पत्ता आणि रात्री कोणाला फोन करायचा त्याचे नाव आजच एका कागदावर लिहून व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवावे. सहा तासांत त्या कागदाची शोधाशोध करायला वेळ नसतो.